मागे पडणारे घड्याळ

पांढुर्ण्यात सूर्य माथ्यावर येतो तेव्हा घड्याळात बारा वाजून सुमारे १६ मिनिटे झालेली असतात. ऋतूप्रमाणे हा आकडा पाव तासापर्यंत कमीजास्त होतो, पण वर्षाची सरासरी काढली तर १६. कारण साधे आहे. भारतीय प्रमाणवेळ ८२.५ अंश पूर्व रेखावृत्ताची, म्हणजे मिर्झापूरजवळून जाणाऱ्या रेषेची. आपण साधारण ७८.५ अंशांवर. एका अंशाला ४ मिनिटे या हिशेबाने ४ अंशांची १६ मिनिटे. गणेश चतुर्थीला मध्यान्हकाळी स्थापना करायची असे आपण म्हणतो, तेव्हा गुरुजींच्या पंचांगातला मध्यान्ह हा सूर्याचा असतो आणि भिंतीवरचे बारा हे मिर्झापूरचे असतात. दोन्ही बरोबर. पण त्यामुळे ‘आमचे घड्याळ मागे पडते’ असे कोणी म्हणाले की पहिला प्रश्न येतो, कोणाच्या मागे? आणि दुसरा, कशामुळे? पहिल्या प्रश्नाचे उत्तर इतिहासात मिळते. दुसऱ्याचे उत्तर घड्याळाच्या आतल्या पितळी पट्टीवर, एखाद्या झिजलेल्या भोकात. या लेखात दोन्हींकडे पाहू. मी यांत्रिकी शाखेचा पदविकाधारक, नोकरीने सरकारी माणूस. त्यामुळे भोकाकडे माझा ओढा थोडा जास्त राहील, हे वाचकांनी समजून घ्यावे.

आपल्या आजोबा-पणजोबांच्या लग्नात मुहूर्ताची वेळ घटिकापात्राने पाहिली जाई. पाण्याने भरलेल्या मोठ्या भांड्यात तळाला बारीक भोक असलेली तांब्याची वाटी तरंगत सोडायची; ती भरून बुडाली की एक घटका झाली. एक घटका म्हणजे २४ मिनिटे, साठ पळे. अडीच घटकांचा एक तास. साठ घटकांचा दिवस-रात्र. ‘घटका भरली’ हा शब्दप्रयोग त्या वाटीतूनच आला. पुष्कळ घरांत लग्नाच्या साहित्यात ती वाटी अजून मांडतात, पूजाही करतात, मुहूर्त मात्र मोबाइलवर पाहतात.

आता या वाटीकडे यंत्र म्हणून पाहा. तिच्यात चालणारा भाग एकही नाही. तरी तीसुद्धा मागे पडते. विहिरीच्या पाण्यातले क्षार भोकाच्या कडेला साचले की भोक लहान होते, वाटी भरायला वेळ लागतो आणि घटका लांबते. उलट भोक घासून घासून साफ केले की ते रुंदावते आणि घटका आखूड होते. म्हणजे वेळ मोजण्याचे काम शेवटी एका भोकाच्या मापावर अवलंबून होते. पुढे युरोपातून लंबकाची घड्याळे आली, दाते आले, कमानी आल्या, पण भोकाने काही आपला पिच्छा सोडला नाही.

ज्या काळी प्रत्येक गावाचा मध्यान्ह त्या त्या गावाचा होता, त्या काळी सौंसर आणि नागपूर यांच्यातला मिनिटाभराचा फरक कोणाला कळण्याचे कारण नव्हते. तहसील कचेरीत, ठाण्यात पहारेकरी तास वाजवी. गावाला तेवढे पुरे होते. रेल्वे आल्यावर ते बदलले. ग्रेट इंडियन पेनिनसुला रेल्वेचा रूळ १८६७ मध्ये नागपूरला पोहोचला. गाड्यांना गावोगावची वेळ चालत नाही. एकाच मार्गावर दोन घड्याळे असली तर टक्कर व्हायची. म्हणून रेल्वेने मद्रासची वेळ धरली. मद्रासला १७९२ पासून वेधशाळा होती आणि तिथल्या जॉन गोल्डिंगहॅम या खगोलज्ञाने १८०२ मध्ये मद्रासची वेळ ग्रिनिचपेक्षा ५ तास २१ मिनिटे पुढे अशी ठरवून दिली होती. आपल्या भागाच्या सूर्यापेक्षा ती वेळ ७ मिनिटे पुढे. म्हणजे नागपूरच्या स्टेशनवर सूर्याच्या हिशेबाने पोहोचणारा शेतकरी गाडीला सात मिनिटे उशिरा पोहोचणार, आणि घरचे घड्याळ मागे आहे असे समजून परत येणार. घड्याळात काहीच बिघडलेले नसे.

मुंबईत हे प्रकरण चांगलेच पेटले. मुंबईची स्थानिक वेळ ग्रिनिचपेक्षा ४ तास ५१ मिनिटे पुढे. गव्हर्नर सर जेम्स फर्ग्युसन यांनी १८८१ मध्ये सरकारी कामकाजाला मद्रासची वेळ लावली. लोकांनी ती मानली नाही आणि १८८३ मध्ये ती मागे घ्यावी लागली. पुढे १ जानेवारी १९०६ पासून साडेपाच तासांची भारतीय प्रमाणवेळ आली. मुंबईच्या सूर्यापेक्षा ती ३९ मिनिटे पुढे. एका रात्रीत सगळ्या शहराची घड्याळे ३९ मिनिटे ‘मागे पडली’! मुंबई महापालिकेने आपली जुनी ‘मुंबई टाइम’ सोडली नाही. ती थेट १९५५ पर्यंत टिकली. स्वातंत्र्य आले, राज्यघटना आली, पहिली निवडणूक झाली, तरी पालिकेचे घड्याळ जुन्याच वेळेला धरून होते. आपल्याकडे वाद एवढा झाला नाही. आपला फरक १६ मिनिटांचा, आणि आपण तसेही कापूस-ज्वारी-संत्र्याचे लोक. दिवस उजाडला की शेतात, मावळला की घरी.

मुंबईच्या त्या काळातली सगळ्यांत मोठी साक्ष म्हणजे राजाबाई टॉवर. १ मार्च १८६९ रोजी पाया घातला गेला, नोव्हेंबर १८७८ मध्ये काम पुरे झाले. उंची २८० फूट. आराखडा सर गिल्बर्ट स्कॉट यांचा, आणि ते स्वतः मुंबईला कधी आलेच नाहीत. प्रेमचंद रायचंद यांनी दोन लाख रुपये दिले ते आईचे नाव मनोऱ्याला द्यावे म्हणून. राजाबाई अंध होत्या आणि जैन आचाराप्रमाणे सूर्यास्तापूर्वी जेवत. टोल ऐकून त्यांना वेळ कळावी, अशी हकीकत सांगतात. घड्याळ लंडनच्या लुंड आणि ब्लॉकली यांचे. एवढ्या उंचीवर, समुद्राच्या खाऱ्या वाऱ्यात, कबुतरांच्या सान्निध्यात ते यंत्र दीडशे वर्षांच्या घरात पोहोचले आहे. हे झिजल्याशिवाय झालेले नाही. झिजलेले वेळोवेळी दुरुस्त करत गेल्यामुळे झाले आहे. २०१३ ते २०१५ या काळात मनोऱ्याचे मोठे जतनकाम झाले, टाटा कन्सल्टन्सी सर्व्हिसेसने त्याला पैसा दिला.

आपल्या राज्यातही एक उदाहरण आहे, आणि ते मराठी माणसांना अभिमान वाटावा असे आहे. उज्जैनची जंतरमंतर वेधशाळा सवाई जयसिंहांनी अठराव्या शतकात बांधली. नंतर ती पडझडीला लागली. ग्वाल्हेरच्या माधवराव शिंद्यांनी १९२३ मध्ये तिची दुरुस्ती करवून घेतली आणि गोविंद सदाशिव आपटे यांच्याकडे तिचा कारभार आला. तिथल्या सम्राट यंत्राची सावली उज्जैनचीच वेळ सांगते. ती प्रमाणवेळेत आणायला किती मिनिटे मिळवायची याचा तक्ता जवळच लावलेला आहे. सहलीला मुलांना घेऊन गेलात तर तो तक्ता जरूर दाखवा. घड्याळ आणि सूर्य यांचा व्यवहार इतका स्पष्टपणे दुसरीकडे क्वचित पाहायला मिळतो.

आता घरात येऊ.

जुन्या वाड्यांच्या बैठकीत जी लाकडी पेटीची, काचेच्या दाराची, टोल्यांची घड्याळे दिसतात, त्यांतली पुष्कळशी अमेरिकेच्या कनेक्टिकट प्रांतातली किंवा जर्मनीतली. तबकडीवर किंवा आतल्या पट्टीवर नाव असते: अँसोनिया, सेठ थॉमस, युंगहान्स, गुस्टाव बेकर. सेठ थॉमस नाव वाचून आमच्या लहानपणी एकजण ठामपणे सांगत असे की हा कोणी मारवाडी सेठ असला पाहिजे. तो कनेक्टिकटचा सुतार होता. १८१३ मध्ये त्याने स्वतःचा धंदा सुरू केला. १८३० च्या दशकाच्या शेवटी तिकडेच चॉन्सी जेरोम याने पितळेच्या पत्र्यातून ठशाने चक्रे कापायला सुरुवात केली, आणि घड्याळ एकदम स्वस्त झाले. सरदार-जमीनदारांकडून ते मालगुजार, वकील, मास्तर, कापसाचा व्यापारी यांच्या भिंतीवर आले ते या ठशामुळे.

स्वस्ताईची किंमत मात्र पट्टीत दडलेली होती. महागड्या घड्याळात आसाची टोके माणकाच्या खड्यात फिरतात. या घड्याळांत तसले काही नाही. दोन पितळी पट्ट्या, त्यांच्यामध्ये चक्रे, आणि पोलादी आसाची टोके थेट पितळेच्या भोकात. नवे असताना छान चालते. पण पोलाद कठीण, पितळ मऊ. शिवाय पितळ मऊ असल्याने हवेतली धूळ, विशेषतः आपल्याकडची काळ्या मातीची बारीक भुकटी, त्यात रुतून बसते आणि मग ते भोकच पॉलिश पेपरसारखे काम करू लागते. म्हणून पितळी भोक तर झिजतेच, पण कठीण पोलादी टोकावरही खाचा पडतात. पाहणाऱ्याला याचे नवल वाटते, पण पाण्याच्या पंपाचा शाफ्ट ज्याने खोलून पाहिला आहे त्याला वाटणार नाही.

भोक झिजते ते चहूबाजूंनी सारखे झिजत नाही. आधीचे चक्र ज्या दिशेने ढकलते, त्या एकाच बाजूला टोक रेटले जाते. गोल भोक लांबट होते. मग आस तिरका होतो, चक्र कलते, एका चक्राचे दाते दुसऱ्याच्या दात्यांत पाहिजे तितके खोल बसत नाहीत आणि कमानीचा जोर लंबकापर्यंत पोहोचायच्या आत वाटेतच संपतो. किल्ली पूर्ण दिली तरी लंबकाला मिळायचे ते ढकलणे मिळत नाही.

इथे एक शंका येते आणि ती रास्त आहे. लंबकाचा वेळ तर त्याच्या लांबीवर ठरतो, असे आपण शाळेत शिकलो. हॉलंडच्या ख्रिस्तियान हायगेन्सने १६५६ मध्ये लंबकाचे घड्याळ केले ते याच गुणावर. मग जोर कमी झाला म्हणून घड्याळ मागे का पडावे? उत्तर त्या टकटक करणाऱ्या भागात आहे. जहाजाच्या नांगरासारखा आकार म्हणून त्याला अँकर म्हणतात. त्याची दोन टोके शेवटच्या चक्राचा एकेक दाता अडवतात आणि सोडतात. आपल्या घरांतल्या या घड्याळांत लंबक टोकाला जाताना अँकर त्या चक्राला किंचित उलटे ढकलतो. सेकंदकाटा असेल तर तो दर टोल्याला जरा मागे सरकून पुढे जाताना दिसतो. चक्रही मग उलट रेटा देते आणि लंबकाला लवकर परत पाठवते. म्हणजे लंबकाच्या स्वतःच्या चालीत कमानीची थोडी घाई मिसळलेली असते. जोर कमी झाला की घाई कमी होते आणि बहुधा घड्याळ मागे पडू लागते. लंडनच्या जॉर्ज ग्रॅहमने १७१५ च्या सुमारास चक्र मागे न ढकलणारी रचना रूढ केली, ती वेधशाळांच्या घड्याळांसाठी. आपल्या भिंतीवर आली ती जुनीच, दणकट आणि स्वस्त.

म्हणून लंबकाखालची चकती फिरवण्याआधी दुखणे कोणते ते ओळखावे. चकती वर चढवली की लंबक आखूड होतो आणि घड्याळ वेगाने चालते, हे सगळ्यांना माहीत असते. हात सरळ तिकडेच जातो. २५ सेंटिमीटर लांबीच्या लंबकात एका मिलिमीटरने दिवसाला जवळजवळ तीन मिनिटांचा फरक पडतो. (लंडनच्या बिग बेनच्या लंबकावर जुनी पेनी नाणी ठेवून वेळ जुळवतात, एका नाण्याने दिवसाला ०.४ सेकंदाचा फरक पडतो. आपली चकती फिरवणारे बोट त्या मानाने फारच ठोक व्यवहार करते.) झिजलेल्या घड्याळाची चकती वर चढवली तर चार-आठ दिवस बरोबर चालते, मग पुन्हा मागे. पुन्हा वर. शेवटी चकती आट्यांच्या टोकाला जाऊन थांबते आणि एके दिवशी घड्याळही थांबते. कितीतरी घरांत चकती अशी अगदी वर टेकलेली दिसते. त्यावरूनच कळते की या घड्याळाचे खरे काम गेल्या तीस-चाळीस वर्षांत कोणी केलेले नाही.

ओळखायचे कसे? एक वही घ्यावी आणि किल्ली दिल्यापासून आठ दिवस रोज एकाच वेळी, रेडिओच्या ठोक्याला, घड्याळ किती मागे आहे ते लिहावे. आकाशवाणीचे नागपूर केंद्र १९४८ मध्ये सुरू झाल्यापासून आपल्या भागातली घड्याळे त्या ठोक्यांवरच लावली जात. आठही दिवस सारखेच मागे पडत असेल आणि ते उन्हाळ्यातच जास्त होत असेल, तर दोष धातूच्या प्रसरणाचा. पोलादी दांड्याचे घड्याळ एका अंश तापमानाला दिवसाला अर्धा सेकंद मागे पडते, पितळीचे सुमारे ०.८ सेकंद; जानेवारी आणि मे यांत सरासरी १५ अंशांचा फरक धरला तर दिवसाला ७ ते १२ सेकंद. तेवढ्यासाठी चकती आहेच. पहिले दोन-तीन दिवस ठीक आणि आठवडा संपत येईल तसतसे जास्त मागे, असे असेल तर जोर वाटेत खर्ची पडतो आहे: कमान थकली, तेल चिकट झाले किंवा भोके झिजली.

तिसरा प्रकार गमतीचा आहे आणि फार जणांना चकवतो. लंबकाचे टोले मोजले तर बरोबर भरतात, आणि काटे मात्र मागे. चक्रांच्या दात्यांवरून तासाला टोले किती पडायला हवेत ते काढता येते. २५ सेंटिमीटरच्या लंबकाला मिनिटाला १२० च्या जवळपास. ते जुळत असतील तर यंत्र निर्दोष आहे. दोष मिनिटकाट्याच्या आसाला काटा धरून ठेवणाऱ्या बारीक पितळी स्प्रिंगेत असतो. काटा हाताने फिरवता यावा म्हणून तो आसावर नुसता घर्षणाने धरलेला असतो. ती स्प्रिंग ढिली पडली की आस फिरतो आणि काटा मधूनमधून घसरतो. पाच मिनिटांचे काम. घड्याळ मागे पडते म्हणून सगळे यंत्र खोलण्यापूर्वी हे पाहून घ्यावे.

खोलायचे झाले तर पहिली गोष्ट कमानीचा जोर उतरवणे. हे विसरून पट्टीचे स्क्रू काढले तर कमान एका झटक्यात उलगडते, दाते उडतात, बोटे फुटतात. माहीतगाराकडूनच हे करून घ्यावे. मग पट्ट्या वेगळ्या करण्याआधी मोठे चक्र बोटाने पुढेमागे हलवायचे आणि प्रत्येक भोकाकडे भिंगातून पाहायचे. ज्या भोकात टोक आडवे उडी मारते ते झिजलेले. कमानीजवळची भोके जोराने झिजतात आणि अँकरजवळची फेऱ्यांनी; मधली बहुधा बरी असतात.

योग्य दुरुस्ती म्हणजे बुश बसवणे. मोटारपंप, सायकल, बैलगाडी यांच्यामुळे हा शब्द आपल्याकडे सगळ्यांना ठाऊक आहे. झिजलेले भोक मोठे करायचे, त्यात पितळेची नवी नळी ठोकून बसवायची, आणि तिच्यात आसाच्या टोकाच्या मापाचे नवे भोक करायचे. यातली खरी मेख ही की नवे भोक मूळ मध्यबिंदूवर आले पाहिजे. लांबट भोकात कानस किंवा रीमर घातली की ती सहज झिजलेल्या बाजूलाच सरकते. मग बुश नवा आणि चूक जुनीच. म्हणून आधी न झिजलेल्या बाजूला थोडे कोरून भोक पुन्हा गोल करतात. आसाचे टोकही खराद मशीनवर धरून गुळगुळीत करावे लागते, नाहीतर खाचांचे टोक नवा बुश वर्षा-दोन वर्षांत खाऊन टाकते. अँकरच्या दोन टोकांवर दात्यांनी चर पाडलेले असतात. पत्र्याचा अँकर असेल तर तो आसावर किंचित बाजूला सरकवून दात्यांना कोरी जागा देता येते, नाहीतर तेलाच्या दगडावर चर घासून काढून अँकर तेवढाच चक्राजवळ आणावा लागतो.

आणि आपल्याकडची जुनी पद्धत? भोकाभोवती पंचने ठोके मारून पितळ आत दाबायचे आणि भोक आवळायचे. जुने अमेरिकन यंत्र उघडले की पुष्कळदा भोकाभोवती तीन-चार टिंबे दिसतात. शहरातले जाणकार याला नावे ठेवतात. पट्टी विद्रूप होते, मध्यबिंदू सरकतो, टिकते थोडेच, हे सगळे खरे. पण मला या ठोक्यांबद्दल आदर वाटतो, आणि त्याला कारण आहे. अँसोनिया कंपनी १९२९ मध्ये बुडाली. तिची यंत्रसामग्री रशियाने विकत घेऊन मॉस्कोला नेली. म्हणजे आपल्या भिंतीवरच्या घड्याळांचा कारखानाच जगाच्या पाठीवरून उठला. त्यानंतर महायुद्ध, मग स्वातंत्र्यानंतर आयातीवरचे कडक निर्बंध. सुटा भाग मिळणार कुठून? १ नोव्हेंबर १९५६ ला आपली राजधानी नागपूरहून भोपाळला गेली, पण घड्याळाची कमान हवी असली तर माणूस नागपूरलाच जाई. सौंसरचा नॅरो गेजच्या गाडीने. तिथेही न मिळाली तर तुटलेली कमान तापवून, नवे भोक पाडून पुन्हा अडकवायची. पंच, हातोडी, कानस आणि भिंग एवढ्यावर या भागातली टोल्यांची घड्याळे पन्नास-साठ वर्षे चालती ठेवली गेली. ज्यांनी ठेवली, त्यांच्या दुकानाला पाटीही नसे. बाजाराच्या दिवशी एका लाकडी पेटीवर काचेची झाकणी, तिच्याखाली सुटी चक्रे, डोळ्याला भिंग. त्यांची नावे कुठल्याही गॅझेटियरात नाहीत.

त्यांच्या खुणा मात्र आहेत. दुरुस्ती करणाऱ्याने पट्टीच्या आतल्या बाजूला बारीक टोकाने आपली खूण आणि तारीख कोरून ठेवायची, ही जगभरच्या घड्याळजींची चाल. पुढच्या वेळी हेच घड्याळ आले तर आपण किती वर्षांपूर्वी हात लावला होता ते कळावे म्हणून. मी सुट्टीच्या दिवशी ओळखीच्यांची घड्याळे खोलतो. त्यांतल्या एका पट्टीवर तीन निरनिराळ्या हातांनी कोरलेल्या खुणा सापडल्या, आणि तिन्ही वेळची कामे ओळखू येत होती. पहिल्याने बुश बसवला होता, अगदी नेटका. दुसऱ्याने पंचचे ठोके मारले होते. तिसऱ्याने दुसऱ्याचे ठोके कानशीने साफ करून पुन्हा बुश केला होता, तोही बहुधा दुसऱ्या कुठल्या यंत्राच्या पितळेचा, कारण रंग जरा लालसर. घराण्याची वंशावळ जशी वाचतात तशी ही पट्टी वाचता येते. मालकांना यांतल्या एकाचेही नाव आठवत नव्हते. आठवले ते एवढेच की ‘कोणीतरी नागपूरकडचे’ येत असत.

तेलाबद्दल लिहायलाच हवे, कारण अर्धे नुकसान तेलाने केलेले आहे. घड्याळ कुरकुरले की घरातले खोबरेल दोन थेंब सोडायचे, ही सवय घराघरांत होती. खोबरेल २४ अंशांच्या आसपास थिजते. आपल्याकडे डिसेंबर-जानेवारीच्या रात्री त्याहून कितीतरी खाली जातात. पहाटे घड्याळ बंद, दुपारी हलवले की चालू. मग त्यात काहीतरी अगम्य आहे अशी समजूत. शिवाय वनस्पती तेल काही महिन्यांत चिकट होते, त्यावर धूळ बसते आणि भोक खाणारा लेप तयार होतो. इंग्लंडच्या जॉन हॅरिसनने या त्रासाला कंटाळून आपल्या सुरुवातीच्या घड्याळांत लिग्नम व्हिटे या मूळच्याच तेलकट लाकडाची भोके केली. ब्रॉकल्सबी पार्कमधले त्याचे १७२० च्या दशकातले घड्याळ तेलाशिवाय आजही चालते. आपल्याला एवढे करायला नको. घड्याळाचेच तेल मिळते. ते भोकात टाचणीच्या टोकाने, दिसेल न दिसेल इतके. दात्यांना अजिबात नाही.

मोठमोठ्या घड्याळांचेही दुखणे असेच दिसत नाही. ५ ऑगस्ट १९७६ रोजी बिग बेनच्या टोल्यांच्या यंत्राचा एक दांडा धातूच्या थकव्याने तुटला आणि कित्येक टनांची वजने मोकळी सुटून यंत्राचे तुकडे झाले. शंभरावर वर्षे चाललेल्या लोखंडात आत चीर गेलेली बाहेरून कळली नव्हती. इंग्रजांनी ते जोडून पुढच्या वर्षीच्या मे महिन्यात पुन्हा सुरू केले. नवे बसवणे सोपे झाले असते.

आपल्याकडे तो सोपा मार्ग सर्रास धरला जातो. डिसेंबर १९६९ मध्ये जपानच्या सैकोने स्फटिकावर चालणारे पहिले मनगटी घड्याळ विकायला काढले. सेकंदाला ३२,७६८ वेळा कंप पावणारा स्फटिक पुढे सगळ्या स्वस्त घड्याळांत आला आणि किल्लीचे दिवस सरले. १९६१ पासून बंगळुरूत बनणारी एचएमटीची घड्याळे आपल्याकडे लग्नात जावयाला देत. त्या कारखान्याला कुलूप लावायचा निर्णय २०१६ मध्ये झाला. यात तक्रारीचे काही नाही. सेलचे घड्याळ महिन्याला काही सेकंदच चुकते. लंबकाचे कितीही दुरुस्त केले तरी त्याची बरोबरी करणार नाही. पण जुन्या पेटीतले पितळी यंत्र काढून भंगारात किलोने द्यायचे, आणि त्याच तबकडीमागे प्लास्टिकचे यंत्र बसवून लंबक नुसता शोभेला हलता ठेवायचा, हे मी या भागात गेल्या दहा-बारा वर्षांत बऱ्याच ठिकाणी पाहिले. वेळ बरोबर दाखवते. त्या पट्टीवर काय कोरलेले होते ते मात्र कायमचे जाते.

ऑक्टोबर २०२३ मध्ये पांढुर्णा आणि सौंसर मिळून आपला वेगळा जिल्हा झाला. जिल्ह्याचा इतिहास लिहायची भाषा आता सगळीकडे ऐकू येते; गोटमार, जामसावळी, संत्री, रेल्वे हे सगळे त्यात येईलच. त्यात या माणसांसाठी एक पान असावे असे मला वाटते, आणि त्याची सामग्री घराघरांतल्या पेट्यांत आहे. ज्यांच्याकडे टोल्यांचे जुने घड्याळ आहे, चालू असो वा बंद, त्यांनी ते विकण्यापूर्वी किंवा त्यात सेलचे यंत्र बसवण्यापूर्वी एवढे करावे: तबकडी उतरवून घ्यावी, पितळी पट्टीच्या पुढच्या-मागच्या बाजूंची मोबाइलवर स्पष्ट छायाचित्रे काढावीत, उजेड तिरका धरून, म्हणजे कोरलेले दिसते. घड्याळ घरात केव्हा आणि कुठून आले, दुरुस्तीला कोण येई, कुठे नेत, हे घरातल्या थोरल्यांना विचारून चार ओळी लिहाव्यात आणि दोन्ही मंडळाकडे द्यावे. खोलायची भीती वाटत असेल तर रविवारी सकाळी मी घरी येईन. किल्ली मात्र जपून ठेवा. हरवली असेल तर तबकडीच्या भोकाचे माप घेऊन नवी मिळते.